किनाऱ्यावरचा कार्यक्रम: आधी तिथी, मग तारीख

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात गेली काही वर्षं हिवाळ्यात दोन दिवसांचा कार्यक्रम होतो. शनिवारी दुपारी मुलांसाठी चित्रकथीचा वर्ग, रात्री दशावतार, रविवारी सकाळी किनाऱ्याची सफाई आणि नंतर कातळशिल्पं बघायला फेरी. मी गावच्या वाचनालयाचं काम बघते, त्यामुळे पत्रं, पावत्या आणि फोन माझ्याकडे असतात. हल्ली आजूबाजूच्या गावांतूनही विचारणा होते. आम्हालाही असं करायचंय, काय काय लागतं ते सांगा, म्हणतात. फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं. म्हणून पहिल्या वर्षापासून जे झालं ते लिहून काढते आहे.

सुरुवात गणपतीत झाली. मुंबईची मुलं घरी आली होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या आणि प्लास्टिकची फुलं पसरली होती. मुलांना ते बघवेना. वाचनालयात बसून त्यांनी ठरवलं की सफाई करायचीच, आणि नुसती सफाई नको, दोन दिवस गावाला एकत्र आणेल असं काहीतरी करू.

पहिला प्रश्न महिन्याचा. जगभर किनारा सफाईचा दिवस सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. 2022 साली सरकारने जुलै ते सप्टेंबर असे 75 दिवस देशभर सागर स्वच्छतेची मोहीमही चालवली होती. मुलांना तोच दिवस हवा होता. पण आमच्याकडे सप्टेंबरात पाऊस संपलेला नसतो, समुद्र शांत नसतो आणि गणपती झाले की चाकरमानी परतीच्या गाडीत बसतात. ऑक्टोबरात भातकापणी. त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. मग दिवाळी, तुळशीची लग्नं. फेब्रुवारीत आंब्याची राखण आणि फवारणी. मार्चात परीक्षा आणि शिमगा. एप्रिल-मे म्हणजे आंबा, लग्नं आणि ऊन. राहिले डिसेंबर आणि जानेवारी. बाहेरच्या माणसाला वाटतं की गावात लोकांना वेळच वेळ असतो. प्रत्यक्षात कोकणातल्या गावाला वर्षातून जेमतेम दोन महिने सलग सवड मिळते.

डिसेंबरातला एक रविवार ठरला. मुंबईच्या मुलांना शनिवार-रविवारच जमणार होतं, शाळेनेही रविवार चालेल म्हटलं. सकाळी आठची वेळ दिली.

आमचा किनारा अरुंद आहे. बऱ्याच भागात मागे धूपप्रतिबंधक बंधारा आहे, काळ्या दगडांचा. साध्या भरतीलाही पाणी त्या दगडांना लागतं. त्या रविवारी मुलं हातमोजे घालून, पोती घेऊन खाली उतरली, तेव्हा वाळूच दिसत नव्हती. लाटा दगडांवर आपटत होत्या. एक वयस्क रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, बंधाऱ्यावर बसले होते. ते म्हणाले, "बाय, आज एकादशी. सव्वाआठाक पुरी भरती. कचरो खंय जमवतलात?"

मग त्यांनी आम्हाला हिशेब सांगितला. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असतो. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येतो त्या वाजता पूर्ण भरती. एकादशी म्हणजे अकरा, अकराची पाऊणपट सव्वाआठ. अष्टमीला सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, थोडं मागेपुढे होतं, पण सफाईची वेळ ठरवायला पुरेसा आहे. त्या हिशेबाने त्या दिवशीची ओहोटी दुपारी अडीचला होती.

शाळेची मुलं दहापर्यंत थांबली. नाश्त्याचे पोहे संपले. पालक घ्यायला आले, मुलं गेली. बाराच्या पुढे वाळू मोकळी होऊ लागली तेव्हा आम्ही मोजकी माणसं उरलो होतो आणि ऊन डोक्यावर होतं. तरी अडीचपर्यंत काम केलं. पण त्या दिवशी मुलं होती तेव्हा वाळू नव्हती आणि वाळू आली तेव्हा मुलं नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

आता आम्ही द्वितीया ते पंचमी यांतला रविवार शोधतो. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेआठच्या आसपास. पंचमीला ओहोटी दहाच्या सुमाराला. सकाळी सातला उतरलं तर ऊन चढायच्या आत दोन-अडीच तास छान काम होतं. शुद्ध आणि वद्य असे दोन्ही पक्ष धरले तर हिवाळ्यात असा रविवार मिळतोच. नंतर भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकाशी ताडून घ्यायचं.

दुसरी अडचण कचरा उचलल्यावर सुरू झाली. आम्ही भरलेली पोती बंधाऱ्याच्या पायथ्याशी एका रांगेत लावली. रविवार असल्यामुळे वाहन मिळालं नाही. सोमवारी मिळेल म्हणून सांगितलं गेलं, ते मंगळवारीही आलं नाही. एकादशीनंतर चार दिवसांनी पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. सकाळी जाऊन बघितलं तर खालच्या बाजूची बरीच पोती फुटली होती आणि माल पुन्हा समुद्रात गेला होता. उरलेली पोती कुत्र्यांनी फाडली होती. सफाईसाठी आलेली मुलं शाळेत जाताना बंधाऱ्यावरून ते बघत होती. त्यांना काय सांगावं हे मला सुचलं नाही.

म्हणून गावांना माझं पहिलं सांगणं असतं की टेम्पो ठरल्याशिवाय सफाईची तारीख जाहीर करू नका. टेम्पो सकाळी नऊला बंधाऱ्यावर उभा पाहिजे. माल कुठे उतरवायचा ते ग्रामपंचायतीकडून आधी लेखी घ्या. भंगारवाल्याशीही आधी बोला. तो पाण्याच्या बाटल्या घेतो, काचेच्या बाटल्या भाव बघून घेतो. चपला, थर्माकोल आणि वेफर्सची पाकिटं घेत नाही, आणि किनाऱ्यावर हाच माल जास्त असतो. आम्ही आता खाली वाळूतच तीन ढीग करतो: विकलं जाणारं, न विकलं जाणारं, आणि जाळी व दोर. घरी नेऊन वेगळं करू म्हटलं की ते कधीच होत नाही.

पोती खताची किंवा सिमेंटची घ्या. काळ्या कचरापिशव्या ओल्या वाळूच्या वजनाने पहिल्या दहा पावलांत फाटतात. पोतं अर्धंच भरायचं, नाहीतर दोन माणसांनाही दगडांवरून वर चढवता येत नाही. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा वरून हातभर दिसतो आणि खाली कितीतरी मोठा असतो. तो ओढत बसू नये. दिसतं तेवढं कोयत्याने कापावं, उरलेलं पुढच्या ओहोटीला वर येतं. कोयता मोठ्या माणसाच्याच हातात असावा.

पहिल्याच वर्षी एका मुलाच्या पायाला फुटलेल्या बल्बची काच लागली. तो अनवाणी होता, आमची सगळीच मुलं किनाऱ्यावर अनवाणीच असतात. रक्त बरंच गेलं. जवळच्या दवाखान्यात रविवारी कुणी नव्हतं, रिक्षाने दुसरीकडे न्यावं लागलं. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मुलगा बरा झाला, पण त्याची आई माझ्याशी बरेच दिवस नीट बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. आता बूट नसतील तर खाली उतरू देत नाही. सुया, औषधाच्या बाटल्या आणि काच मुलांनी उचलायची नाही, हात वर करून मोठ्या माणसाला बोलवायचं. रविवारी कोणता दवाखाना उघडा आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवतो आणि एक रिक्षा थांबवून घेतो.

आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांना सांगावी लागते. बंधारा संपतो तिथून पुढे सुरूच्या झाडांखाली आमचा किनारा रुंद आहे. तिथे वाळूवर मर्यादवेल पसरलेली असते. शेंड्याशी दुभंगलेलं जाड पान, जांभळट गुलाबी फूल, आणि लांबच लांब जाणाऱ्या, पेराला मुळं धरणाऱ्या दोऱ्या. एका वर्षी शहरातून आलेल्या मंडळींनी मेहनतीने तिचा मोठा पट्टा उपटून ढीग घातला, रान माजलंय असं समजून. ही वेल वाळू धरून ठेवते. पुढच्या पावसात नेमकी तिथलीच वाळू गेली. आता सुरुवातीलाच सगळ्यांना तिथे नेऊन ती वेल दाखवतो. हिला हात लावायचा नाही, एवढं सांगून मग पोती वाटतो.

चित्रकथीचा वर्ग ही मुंबईच्या मुलांची कल्पना नव्हती. ती आमच्या शाळेतल्या बाईंची. पिंगुळी आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्यातल्या पुष्कळ मुलांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आपल्या इतक्या जवळची कला मुलांनी टीव्हीवरच बघावी, हे बाईंना पटत नव्हतं.

पिंगुळीचे कलाकार आले. पहिल्या वर्षी वर्ग सुरूच्या झाडांखाली ठेवला होता, समुद्रासमोर. वाऱ्याने कागद उडाले, ओल्या रंगावर वाळू बसली. अर्ध्या तासात सगळं उचलून शाळेच्या पडवीत आलो. तेव्हापासून पडवीच. वर्गाचा वेळ उद्घाटनानेही खाल्ला होता. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची भाषणं. कलाकार वाद्यं लावून बसून राहिले आणि मुलं कंटाळली. आता उद्घाटन नाही. पाहुणे आले तर सतरंजीवर मुलांबरोबर बसतात, आणि बहुतेकांना तेच आवडतं.

चित्रकथीत एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. चित्रं सुटी असतात, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एकेक चित्र समोर धरून कथा गायची आणि सांगायची. माणसांचे चेहरे बाजूने काढलेले, डोळे मोठे. आमची मुलं आधी खुसखुसली. कथा सुरू झाल्यावर शांत झाली. नंतर मुलांनी स्वतः चित्रं काढली. विषय होता रामाने बांधलेला सेतू. किनाऱ्याजवळच्या वाडीतल्या एका मुलीने सेतूच्या बाजूला होडी काढली, होडीतून किनाऱ्यापर्यंत रापणीचा दोर काढला आणि दोर ओढणारी माणसं दोन्ही टोकांना बरोबर मागे रेललेली दाखवली. वानरांपेक्षा तीच माणसं मोठी झाली होती. शेजारच्या मुलाने तिला हे चुकलं म्हणून सांगितलं. कलाकारांनी चित्र हातात घेऊन नीट बघितलं आणि तिला म्हणाले, पुसू नको, रंग भर. ते चित्र आजही वाचनालयात लावलेलं आहे.

मानधनाबद्दल स्पष्ट लिहिते. कलाकारांना कला सादर करायची संधी देतो म्हणून फुकट बोलावू नये. त्यांचं ते पोट आहे. जाण्यायेण्याचं भाडं, जेवण आणि मानधन आधी बोलून, कार्यक्रम संपताच हातात द्यावं. आमचे पैसे गावातल्या वर्गणीतून येतात. कमी पडले त्या वर्षी आम्ही मंडप वगळला, मानधन कमी केलं नाही.

दशावताराची गोष्ट वेगळी. इथे कला लोकांना ओळखावी लागत नाही, लोकच दशावतारी कंपनीपेक्षा जास्त जाणकार असतात. अडचण तारखेची असते. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, त्या तिथीने ठरलेल्या असतात, आणि कंपन्यांच्या जत्रा पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या असतात. पहिल्या वर्षी आमच्या शनिवारी कंपनी मिळाली नाही, म्हणून व्याख्यान ठेवलं. त्याच रात्री पलीकडच्या गावची जत्रा होती. सगळं गाव तिकडे गेलं. व्याख्याते रत्नागिरीहून आले होते. समोर वाचनालयाची चार माणसं आणि मी. आता तारीख ठरवायच्या आधी आसपासच्या गावांच्या जत्रांची यादी काढतो आणि कंपनीला गणपतीतच विचारतो.

पुढच्या वर्षी कंपनी मिळाली. मुलांना प्रयोग किनाऱ्यावर हवा होता, मोठे दिवे लावून. तेव्हा कासवांचं काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने अडवलं. आमच्या रुंद भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. माद्या रात्री येतात आणि उजेड, आवाज असला तर परत फिरतात. पिल्लं समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने जातात, मागे दिवे असले तर उलटी चालू लागतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून कासवं वाचवण्याचं काम उभं केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. तिथे पाहुणे गावातल्या घरांत राहतात, पिल्लांना हात लावत नाहीत, विजेऱ्या मारत नाहीत. पिल्लं कोणत्या दिवशी बाहेर येतील हे कुणी सांगू शकत नाही, आणि पाहुण्यांना ते आधीच सांगितलेलं असतं. हे ऐकून मुलं लगेच मागे सरली. किनाऱ्यावर रात्रीचं काहीच ठेवायचं नाही, असं ठरलं.

प्रयोग देवळासमोरच्या मांडावर झाला. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो. जत्रेतला दशावतार मध्यरात्री रंगतो. आम्ही सातला सुरू करायची विनंती केली. कंपनीने मानली, पण म्हाताऱ्या मंडळींना ती वेळ रुचली नाही. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद केला. मला धास्ती होती की लोक उठतील. कुणी उठलं नाही, सगळे पुढे सरकून बसले. पखवाज आणि हार्मोनियम जवळून ऐकू येत होती, नटांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. लिहिलेली संहिता नसताना दोन नट तत्त्वज्ञानावरून एकमेकांना अडवत होते आणि मागच्या बाया मान हलवत होत्या. मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून असाच दशावतार बघितला होता. त्यानंतर आम्ही ध्वनिक्षेपक मागवलाच नाही. मांड लहान ठेवायचा आणि माणसं जवळ बसवायची.

दुसऱ्या दिवशीची फेरी कुडोपीच्या सड्यावर नेतो. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत आमच्या तालुक्यातलं कुडोपी आहे. पावसानंतर गवतात शिल्पं दिसत नाहीत, गवत सुकल्यावर डिसेंबरात दिसतात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं, तिरक्या उजेडात रेषा उठतात. भर दुपारी माणूस शिल्पावर उभा असतो आणि शिल्प कुठे आहे म्हणून विचारतो. फोटोसाठी खडूने किंवा चुन्याने रेषा भरू नका, शिल्पावरून चालू नका. सड्यावर सावली आणि पाणी नसतं, दोन्हीची तयारी ठेवा.

यंदाची तयारी गणपतीतल्या बैठकीनंतर सुरू होईल. मार्गशीर्ष-पौषातला तिथीने जमणारा रविवार बघून, जत्रांची यादी समोर ठेवून तारीख काढू आणि ती वाचनालयाच्या फळ्यावर लिहू. येणाऱ्यांनी बूट, पाण्याची बाटली आणि आपलं ताट-वाटी आणावी. जेवण गावातल्या बाया करतात, म्हणून किती माणसं येणार ते चार दिवस आधी कळवावं. शेजारच्या गावांना सफाई ठेवायची असेल तर त्यांनी तारीख ठरवण्याआधी आम्हाला सांगावं. द्वितीया-तृतीयेचा रविवार सगळ्यांनाच सोयीचा असतो, आणि कचरा न्यायला तयार असलेला टेम्पो या पट्ट्यात एकच आहे. एका गावाने शुद्ध पक्षातला रविवार घेतला आणि दुसऱ्याने वद्यातला, तर तो दोघांनाही मिळेल.